वर्ना आणि पानाग्युरिश्ते: सोनं सहा-सहा किलो, पण गोष्ट वेगळी

बल्गेरियातल्या प्राचीन सोन्याचा विषय निघाला की वर्ना आणि पानाग्युरिश्ते ही नावं हमखास एकमेकांत मिसळतात. दोन्हीकडचं सोनं साधारण सहा किलो, दोन्हीकडे ते माती खणताना योगायोगानं हाती लागलेलं. मग दोन्ही फोटोंखाली ‘थ्रेशियन खजिना’ असंच लिहिलं जातं, म्हणजे बाल्कन भागातल्या प्राचीन थ्रेशियन लोकांचा. पानाग्युरिश्तेला ते शोभतं, वर्नाला नाही. वर्नाची माणसं इ.स.पू. ४५००च्या आसपासची. थ्रेशियन लोकांची नोंद इतिहासात येते ती त्यानंतर हजारो वर्षांनी.

मुळात वर्ना हा खजिना नव्हेच, ती दफनभूमी आहे. १९७२ मध्ये केबलसाठी चर खणताना ती उजेडात आली आणि पुढे तिथे सुमारे ३०० थडगी सापडली. बहुतेकांत सोनं नाही किंवा अगदी नावापुरतं. ४३ क्रमांकाच्या थडग्यातल्या प्रौढ पुरुषापाशी मात्र एकट्याकडे जवळपास दीड किलो! त्याच्या कुऱ्हाडीचा लाकडी दांडा कधीच कुजून गेला, पण त्यावर चढवलेलं सोन्याचं आवरण जागच्या जागी राहिलं. काही थडग्यांत माणूसच नाही. तिथे मातीचा मुखवटा ठेवलाय, त्यावर सोन्याचे तुकडे लावलेत. इतकं कुणासाठी नि का केलं असेल, या विचारानं मी दर वेळी थबकतो.

हे सोनं मुख्यतः मणी, कडी आणि ठोकून केलेला पातळ पत्रा या रूपात आहे. याच लोकांना तांबं वितळवता येत होतं. तांब्याला १०८५ अंश सेल्सिअस लागतात, सोन्याला १०६४. म्हणजे तांब्याची भट्टी साधली की सोनं आवाक्यात आलंच.

पानाग्युरिश्तेला थडगं नाही, हाडं नाहीत. ८ डिसेंबर १९४९ रोजी कौलांच्या कारखान्यासाठी माती काढणाऱ्या तीन भावांना नऊ भांडी मिळाली. काळ इ.स.पू. ३००च्या आगेमागे. कुणीतरी घाईनं पुरून ठेवलेली, परत येऊन काढायची असावीत, असंच वाटतं. आपल्याकडे ज्याला गुप्तधन म्हणतात ते हेच. हरणाच्या मुंडक्याच्या आकाराच्या पेल्यावर पॅरिसचा निवाडा (तीन देवींत सर्वांत सुंदर कोण, हे ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस ठरवतो ती ग्रीक कथा) उठावात घडवलाय आणि प्रत्येक देवीचं नाव ग्रीकमध्ये कोरलंय. मोठ्या थाळीवर आफ्रिकी चेहऱ्यांची तीन वर्तुळं आहेत, प्रत्येकात २४ चेहरे, मधल्यापेक्षा बाहेरचे मोठे होत जाणारे. थाळीवर तिचं वजनही कोरलेलं आहे. वजनाची नोंद, लिपी, पुराणकथा, यांतलं वर्नाच्या सोन्यावर काहीच सापडणार नाही.

तेव्हा फोटोत प्राण्याच्या मुंडक्याचा पेला किंवा चेहऱ्यांची थाळी दिसली तर ते पानाग्युरिश्ते. सांगाड्याभोवती मणी आणि कडी दिसली तर वर्ना.