साडेअठरा किलोंचा हिशेब

पोलिश बॉक्सर टोमाश आदामेक मे २००५ मध्ये शिकागोत डब्ल्यूबीसी या जागतिक बॉक्सिंग संघटनेचा लाइट हेवीवेट जगज्जेता झाला, तेव्हा त्याच्या गटाची वजनमर्यादा १७५ पौंड होती, म्हणजे ७९.४ किलो. सप्टेंबर २०११ मध्ये पोलंडच्या व्रोत्सवाव शहरात तो विताली क्लिच्कोसमोर हेवीवेट किताबासाठी उभा राहिला. त्या वेळी काट्याने २१६ पौंड दाखवले, सुमारे ९८ किलो. मधल्या काळात वाढलेल्या साडेअठरा किलोंनी या डोंगरी माणसाला काय दिलं आणि काय देणं शक्यच नव्हतं, हे पाहिलं की बॉक्सिंगमध्ये वजनाचे गट का असतात ते कळतं. ‘डोंगरी’ म्हणजे त्याचं टोपणनाव, पोलिश भाषेत ‘गुराल’. दक्षिण पोलंडच्या बेस्कीद डोंगरांतलं झिव्हिएत्स हे त्याचं जन्मगाव.

आधी काटा. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये वजन साधारणपणे लढतीच्या आदल्या दिवशी होतं. त्यामुळे काट्यावरचं वजन आणि रिंगमधलं वजन हे दोन वेगळे आकडे असतात. गटाच्या मर्यादेत बसण्यासाठी खेळाडू शेवटच्या आठवड्यात आधी भात, पाव, बटाटे आणि मीठ तोडतो. स्नायूंतल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत, म्हणजे साठवलेल्या पिष्टासोबत, सुमारे ३ ग्रॅम पाणी अडकलेलं असतं, त्यामुळे पिष्टमय पदार्थ थांबले की चरबी तेवढीच राहूनही दीडदोन किलो उतरतात. उरलेलं वजन घामावाटे काढतात: सॉना, गरम पाण्याचा टब, अंगात दोन-दोन स्वेटशर्ट.

बिघडतं ते इथेच. घामाचं पाणी रक्तद्रवातूनही जातं. द्रव कमी झाला की हृदय दर ठोक्याला कमी रक्त ढकलतं आणि ठोके वाढवून तूट भरून काढतं. त्वचेकडे जाणारं रक्त घटतं, घाम आटतो आणि अंगातली उष्णता आतच कोंडते. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीतले तीन तरुण सहा आठवड्यांच्या आत असे वजन उतरवताना दगावले.

काट्यावरून उतरल्यावर नुसतं पाणी ढोसणंही चूक. रक्तातलं मीठ पातळ होतं आणि मूत्रपिंडं ते पाणी बाहेर टाकतात. मीठ आणि थोडी साखर घातलेलं पेय घोटाघोटाने घ्यावं लागतं, गेलेल्या दर किलोमागे साधारण दीड लिटर. ग्लायकोजेन पूर्ण भरायला तर जवळपास पूर्ण दिवस जातो. आयबीएफ ही संघटना म्हणूनच किताबाच्या लढतीआधी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन घेते आणि तोवर मर्यादेच्या वर १० पौंडांहून जास्त चढू देत नाही. हा नियम सगळ्याच संघटनांनी उचलायला हवा होता.

शिकागोच्या लढतीत आदामेकपुढे आणखी एक अडचण होती. सरावात नाक मोडलेलं असतानाच तो ऑस्ट्रेलियाच्या पॉल ब्रिग्जशी बारा फेऱ्या लढला आणि गुणांवर जिंकला. नाक बंद म्हणजे तोंडाने श्वास, आणि तोंड उघडं म्हणजे जबडा सैल. दात घट्ट आवळलेले असले की जबडा कवटीला टेकून राहतो आणि मानेचे स्नायूही ताणलेले असतात. सैल जबड्यावर बसलेला ठोसा हाड मोडू शकतो आणि डोकंही जास्त फिरवतो. रिंगच्या कोपऱ्यात थांबणाऱ्या मदतनीसाकडे उपाय म्हणजे अॅड्रेनलिनच्या १:१००० द्रावणात भिजवलेला कापसाचा बोळा. तो नाकपुडीत दाबला की रक्तवाहिन्या आकसतात. दोन फेऱ्यांमध्ये वेळ मात्र एकच मिनिट. त्यातून बसणं, उठणं आणि तोंडातलं गार्ड काढणं-घालणं वजा केलं की हातात चाळीसेक सेकंद उरतात.

आता ठोसा. वेगवेगळ्या वजनांच्या ऑलिंपिक बॉक्सरांकडून यंत्राच्या डोक्यावर ठोसे मारून घेणारा एक अभ्यास २००५ मध्येच प्रसिद्ध झाला. मुठीचा सरासरी वेग निघाला सेकंदाला ९.१ मीटर आणि ठोशाचं ‘परिणामी वस्तुमान’ सरासरी २.९ किलो. परिणामी वस्तुमान म्हणजे धडकेच्या क्षणी मुठीच्या मागे जणू किती किलो जोडलेले आहेत ते. १० औंसांचा ग्लव्ह जेमतेम २८३ ग्रॅमचा असतो, मूठही हलकीच. बाकीचं वस्तुमान दंडातून, खांद्यातून, कमरेतून आणि मागच्या पायाच्या चवड्यातून येतं. मनगट त्या क्षणी ढिलं राहिलं की ही साखळी तुटते आणि नुसता हात आदळतो. दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला की संवेग येतो सुमारे २६. ताशी १४० किलोमीटरने आलेल्या क्रिकेटच्या चेंडूचा संवेग जेमतेम ६ भरतो.

त्या अभ्यासात वजनदार बॉक्सरांचा ठोसा जास्त भारी ठरला, पण त्याचं मुख्य कारण वेग नव्हता, हे वाढलेलं वस्तुमान होतं. वजन वाढवून आदामेकला जे मिळणार होतं ते हेच.

मिळालंही. फेब्रुवारी २००७ मध्ये चॅड डॉसनकडून किताब गमावल्यावर तो २०० पौंडांच्या, म्हणजे ९०.७ किलोंच्या क्रूझरवेट गटात गेला. डिसेंबर २००८ मध्ये न्यू जर्सीच्या न्यूअर्क शहरात त्याने आयबीएफ विजेत्या स्टीव्ह कनिंगहॅमला तीनदा खाली पाडलं, तरी निकाल लागला तो तीन पंचांत दोन विरुद्ध एक असा. फेरी जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला ९ गुण. खाली पडलं की आणखी एक जातो. एरवी समसमान चाललेल्या लढतीत हे तीन गुणच पारडं फिरवतात.

माणूस खाली का पडतो? डोकं साधारण पाच किलोंचं, मानेच्या दांड्यावर बसवलेलं. हनुवटीच्या कडेला बसलेला हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, डोक्याला नुसतं मागे ढकलत नाही, गर्रकन फिरवतो. कवटी फिरते, मऊ मेंदू किंचित मागे राहतो आणि आतले तंतू पिळले जातात. न दिसलेला ठोसा जास्त घातक ठरतो, कारण मानेला आवळायची सूचनाच मिळालेली नसते. छाती, मांड्या, मान व्यायामाने जाड होतील. मेंदू मात्र दीड किलोच्या आतच राहतो, गट कुठलाही असो.

ऑक्टोबर २००९ मध्ये वूच शहरात आदामेकने आपलाच देशबांधव आंजेय गोवोता याला पाचव्या फेरीत हरवून हेवीवेटमध्ये पाऊल ठेवलं. इथे वरची मर्यादाच नाही, म्हणून पाणी उतरवायची कटकटही नाही. पण दुसरा हिशेब सुरू होतो, प्राणवायूचा. समजा एखाद्याचं शरीर मिनिटाला जास्तीत जास्त ५ लिटर प्राणवायू वापरू शकतं. ७९.४ किलोंना दर किलोमागे ६३ मिलिलिटर येतात, ९८ किलोंना ५१. वाढलेला स्नायू थोडा जास्त प्राणवायू खेचतो हे खरं, पण हृदय त्या प्रमाणात मोठं होत नाही.

तरीही एप्रिल २०१० मध्ये कॅलिफोर्नियात आपल्यापेक्षा सुमारे १५ किलोंनी जड ख्रिस अरिओलाला त्याने बारा फेऱ्यांत गुणांवर मागे टाकलं. पद्धत सरळ: दोन-तीन ठोसे, मग लगेच एका बाजूला सरकायचं. जड माणसाला प्रत्येक वेळी थांबून पाय नव्याने रोवावे लागतात. हलका असणं हेवीवेटमध्ये इतकं कामी येतं, पण समोरचाही चपळ नसेल तोवरच.

क्लिच्को वेगळाच होता. उंची २०१ सेंटिमीटर, आदामेकची १८७. वजन सुमारे ११० किलो. हातांचा पल्ला क्लिच्कोचा २०३ सेंटिमीटर, आदामेकचा १९१. हा पल्ला एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंत मोजतात, छातीची रुंदी धरून. म्हणजे १२ सेंटिमीटरचा फरक एका हाताला साधारण ६ सेंटिमीटरच पडतो. तेवढ्याने काय होतंय, असं वाटेल. पण बुटक्याचा ठोसा तिरका वर चढतो, त्यामुळे त्याच हनुवटीपर्यंत त्याला जास्त लांब जावं लागतं. त्यात क्लिच्को हात खाली ठेवून, धड मागे झुकवून लढायचा, म्हणजे हनुवटी आणखी वीतभर मागे. आत शिरायला आदामेकला दोन पावलं लागत आणि पहिल्याच पावलावर डाव्या हाताचा सरळ ठोसा, जॅब, तोंडावर येई. दहाव्या फेरीत रेफरीने लढत थांबवली.

किलो मिळवता आले, हाडांची लांबी मिळवता आली नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी, तो शिकागोतच जॅरेल मिलरशी लढला. मिलर सुमारे १४४ किलोंचा होता. त्याने लढत दुसऱ्या फेरीत संपवली. तोवर आदामेकच्या खात्यात ५३ विजय आणि ६ पराभव होते.

नोव्हेंबर २०२० मध्ये डब्ल्यूबीसीने क्रूझरवेट आणि हेवीवेटच्या मध्ये ब्रिजरवेट हा नवा गट काढला, २०० ते २२४ पौंडांचा. व्रोत्सवावमधले आदामेकचे २१६ पौंड त्यात अगदी चपखल बसले असते, नऊ वर्षं आधी. हा किताब पुढे एका पोलिश बॉक्सरकडे आला. वुकाश रुझान्स्कीने एप्रिल २०२३ मध्ये आपल्या झेशुव शहरात तो पहिल्याच फेरीत जिंकला आणि मे २०२४ मध्ये त्याच शहरात, पहिल्याच फेरीत, लॉरेन्स ओकोलीकडून गमावला. ओकोलीही आदामेकसारखाच क्रूझरवेटमधून वर आलेला. त्याची उंची मात्र १९६ सेंटिमीटर.