गालातला कर्करोग, घशाची चाचणी: तोंडाच्या कर्करोगातल्या प्रथिन-मार्करांची पार्श्वभूमी

गालाच्या किंवा हिरडीच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं की काही दिवसांनी पॅथॉलॉजीचा अहवाल हातात येतो. गाठ किती खोल गेली होती, कडा मोकळ्या आहेत का, मानेतल्या किती गाठींत कर्करोगाच्या पेशी सापडल्या, नसांभोवती शिरकाव आहे का, या ओळींवर पुढचा उपचार ठरतो. कधी कधी तळाशी आणखी एक ओळ असते: ‘पी१६ निगेटिव्ह’, म्हणजे पी१६ नावाचं प्रथिन गाठीत दिसलं नाही. ‘निगेटिव्ह’ वाचून कुणी सुटकेचा श्वास टाकतं, कुणी उगाच धास्तावतं. वास्तविक तंबाखू-सुपारीच्या कर्करोगात या ओळीमुळे उपचारात सहसा तसूभरही फरक पडत नाही. तरी ती अहवालात येऊन बसली आहे, आणि ती कशी आली हे पाहताना या आजारातल्या प्रथिन-मार्करांचा, म्हणजे आजाराची खूण म्हणून तपासल्या जाणाऱ्या प्रथिनांचा, बराचसा इतिहास हाती लागतो.

फार मागे जायची गरज नाही. १९३३ साली त्रावणकोरमधल्या पान खाणाऱ्यांच्या तोंडाच्या कर्करोगावर वैद्यकीय नियतकालिकात लेख आला होता. १९५२ साली पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय बायकांच्या तोंडातलं अस्तर ताठ झाल्याची नोंद झाली आणि त्याच सुमारास मुंबईतून याच विकाराला ‘सबम्युकस फायब्रोसिस’ हे आज रूढ असलेलं नाव मिळालं. तोंड दोन बोटंही उघडत नाही, तिखट सोसत नाही, ही लक्षणं आता गावोगावच्या दंतवैद्यांना पाठ आहेत. एर्नाकुलम भागातल्या रुग्णांचा १७ वर्षं पाठपुरावा केल्यावर त्यातल्या ७.६ टक्के लोकांना कर्करोग झाल्याचं १९८५ मध्ये छापून आलं. तो आकडा आजही उद्धृत होतो.

१९८५ लाच आणखी एक निर्णय झाला, आणि त्याने नंतरच्या मार्कर-संशोधनाला नकळत वळण दिलं. कर्करोगकारक पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय मूल्यमापनात तंबाखूसह पान कर्करोगकारक ठरलं, पण तंबाखूविना पानाबाबत पुरावा अपुरा असल्याचं म्हटलं गेलं. त्याचं कारण समजण्यासारखं होतं. भारतातल्या अभ्यासांत नुसती सुपारी खाणारे वेगळे काढता येतील इतके सापडतच नव्हते. तैवानमध्ये मात्र सुपारी तंबाखूशिवाय खातात. तिथल्या आणि इतर ठिकाणच्या माहितीच्या आधारे २००३ च्या बैठकीत तंबाखूविना पान आणि खुद्द सुपारी, दोन्ही पहिल्या, म्हणजे निश्चित कर्करोगकारक पदार्थांच्या, गटात गेली. हा निकाल पुस्तकरूपाने २००४ मध्ये आला. मधल्या अठरा वर्षांत भारतातल्या प्रयोगशाळांत जे हजारो नमुने जमले, त्यांवर बहुधा ‘तंबाखूजन्य’ एवढाच शिक्का आहे. मावा किंवा विदर्भातला खर्रा घ्या. त्यात वजनाने सुपारीच जवळपास सगळी, तंबाखू चिमूटभर. तो खाणाऱ्याची गाठही ‘तंबाखू’च्याच रकान्यात गेली. पुढे एखादं प्रथिन वाढलेलं दिसलं तर ते निकोटिनाच्या पिल्लावळीतल्या नायट्रोसामाइनांमुळे की सुपारीतल्या अरेकोलिनमुळे, याचं उत्तर त्या नमुन्यांतून निघणं अवघड झालं.

प्रथिनांचा खरा हंगाम नव्वदच्या दशकात सुरू झाला. पी५३ हे प्रथिन १९७९ मध्ये सापडलं, दहा वर्षं कर्करोग घडवणारं समजलं गेलं आणि १९८९ च्या आसपास ते कर्करोग रोखणारं असल्याचं उमगलं. निरोगी पेशीत ते तयार होतं आणि लगेच मोडीत निघतं, म्हणून स्लाइडवर दिसत नाही. जनुकात बिघाड झाला की विकृत प्रथिन साचून राहतं आणि अँटीबॉडी लावल्यावर केंद्रकं तपकिरी दिसतात. रंग दिसला म्हणजे बिघाड, असं सोपं गणित मांडलं गेलं. पण काही बिघाड असे असतात की प्रथिन तयारच होत नाही. तिथे स्लाइड कोरी राहते आणि अहवालात ‘निगेटिव्ह’ लागतं. उलट बाजूला, कर्करोग नसलेल्या पांढऱ्या चट्ट्यांतही तपकिरी केंद्रकं सापडू लागली.

तरीही अभ्यासांचा पूर आला. दंत महाविद्यालयांतल्या एमडीएसच्या प्रबंधासाठी हा विषय सोयीचा होता: मेणात जपलेल्या गाठींचे तुकडे, म्हणजे जुने पॅराफिन ब्लॉक, कपाटात तयार, अँटीबॉडीची एक कुपी मागवायची, तीस-चाळीस स्लाइड रंगवायच्या आणि टक्केवारी काढायची. पी५३ झालं, मग पेशींच्या वाढीशी जोडलेली इतर प्रथिनं: केआय-६७, मग सायक्लिन डी१, मग ईजीएफआर. प्रत्येकाने ‘सकारात्मक’ची रेघ आपापल्या सोयीने दहा, वीस किंवा पन्नास टक्क्यांवर ओढली. त्यामुळे दोन प्रबंध शेजारी ठेवले तर तुलना करायला काही उरत नाही. हे थोडं कडवट वाटेल, पण त्या काळातल्या छापील साहित्याचा मोठा भाग आज कुणाच्या उपयोगाचा नाही.

अपवाद होते. १९९१ मध्ये मुंबईतल्या एका गटाने दाखवलं की तंबाखू चघळणाऱ्यांच्या गाठींत एच-रास जनुकातले बिघाड सुमारे एक-तृतीयांश रुग्णांत आहेत, जेव्हा पाश्चात्त्य रुग्णांत ते विरळ होते. पुढच्या मोठ्या अभ्यासांत हे प्रमाण इतकं राहिलं नाही, तरी हे जनुक यादीतून बाहेरही गेलं नाही. मुंबईतच केराटिनांवर, म्हणजे पेशीचा सांगाडा धरणाऱ्या प्रथिनांवर, चिकाटीचं काम झालं. गालाच्या अस्तरात एरवी न आढळणारी केराटिन ८ आणि १८ ही जोडी कर्करोगाच्या पेशींत उगवते, हे त्यातून पुढे आलं. इथला आजार अमेरिकेतल्या जिभेच्या किंवा घशाच्या कर्करोगाची नक्कल नाही, याच्या या सुरुवातीच्या खुणा होत्या. पुढच्या दशकात त्यांकडे फारसं कुणी पाहिलं नाही, कारण तोवर पी१६ आलं होतं.

पी१६ हे पेशीविभाजनाला लगाम घालणारं प्रथिन. १९९३-९४ मध्ये त्याची ओळख पटली. धूर, तंबाखू, सुपारी यांनी होणाऱ्या कर्करोगात त्याचं जनुक बहुधा गळून पडतं किंवा मिथाइलचा थर चढून बंद होतं, म्हणजे प्रथिन नाहीसं होतं. एचपीव्ही विषाणूमुळे होणाऱ्या कर्करोगात नेमकं उलटं घडतं. विषाणूचं ई७ प्रथिन आरबी या पहारेकऱ्याला निकामी करतं आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून पी१६ भरमसाट वाढतं. विषाणूचा डीएनए शोधण्याची चाचणी महाग आणि किचकट, पी१६ची स्लाइड स्वस्त. त्यामुळे पी१६ विषाणूचं बदली प्रथिन म्हणून चालू लागलं. घशाच्या मागच्या भागात, म्हणजे टॉन्सिल आणि जिभेचं मूळ इथे, ते बऱ्यापैकी चालतंही.

२०१० मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने विषाणूजन्य घसा-कर्करोगाचे रुग्ण कितीतरी जास्त जगतात हे पक्कं केलं. त्याच अभ्यासात धूम्रपान मोजायला ‘पॅक-इयर’ हे माप होतं, दिवसाची पाकिटं गुणिले वर्षं. गुटख्याच्या पुड्या, मिश्री किंवा रात्रभर गालात ठेवलेली तंबाखूची गोळी या मापात बसत नाही. नंतरच्या जोखीम-वर्गवारीत हेच माप राहिलं आणि आपल्याकडच्या रुग्णाची निम्मी हकीकत त्यातून गळाली.

मग १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या, कर्करोग किती पुढे गेला हे ठरवणाऱ्या टप्पेवारीच्या आठव्या आवृत्तीत पी१६-पॉझिटिव्ह घसा-कर्करोगाला स्वतंत्र तक्ता मिळाला. त्याचे परिणाम नाट्यमय होते. टॉन्सिलची छोटी गाठ आणि मानेच्या एकाच बाजूला अनेक गाठी असलेला रुग्ण आधी चौथ्या टप्प्यात होता. स्लाइडवर पी१६ दिसलं तर तो पहिल्या टप्प्यात आला. आजार तोच, कागद बदलला. पहिल्या टप्प्याला एवढा कडक उपचार कशाला, हा विचार त्याला लागूनच आला. पण सिस्प्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधाऐवजी ईजीएफआरला रोखणारं सेटुक्सिमॅब देऊन उपचार सौम्य करू पाहणाऱ्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल २०१८ च्या अखेरीस आले आणि सौम्य गटातले रुग्ण कमी जगले.

या निर्णयाचा गालाच्या कर्करोगाशी संबंध नव्हता. नव्या टप्पेवारीत तोंडाच्या पोकळीच्या तक्त्यात पी१६ नाही, तिथे भर पडली ती गाठ किती खोल गेली याची, ५ आणि १० मिलिमीटरच्या रेघांची. पॅथॉलॉजिस्टांच्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनीही पी१६ पॉझिटिव्ह म्हणायला ७० टक्के पेशींत ठळक रंग हवा अशी अट घातली आणि तोंडाच्या पोकळीतल्या कर्करोगात ही चाचणी सरसकट करू नये असं सांगितलं. गाठ गालाची असेल तर पी१६ असणं-नसणं विषाणूबद्दल भरवशाचं काही सांगत नाही. विषाणूचा मागमूस नसतानाही आरबीच्या बिघाडातून ते वाढलेलं दिसू शकतं. तरी ‘मान आणि डोक्याचा कर्करोग’ या एका गाठोड्यात घसा आणि गाल एकत्र बांधले गेल्यामुळे चाचणीचं पॅनेल मात्र सगळ्यांना एकच लागतं. माझ्या मते हा विज्ञानाचा नाही, छापील फॉर्मचा दोष आहे. पैसे मात्र रुग्णाचे जातात. २०२३ मध्ये अनेक देशांतल्या ७,६५४ घसा-कर्करोग रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा खुद्द घशातही पी१६ आणि विषाणू-चाचणी ९.२ टक्के जणांत जुळली नाही. जुळत नाही अशा रुग्णांचं आयुष्यमान दोन्हीकडे पॉझिटिव्ह असलेल्यांपेक्षा कमी निघालं. धूम्रपान-तंबाखू जिथे जास्त, तिथे एकट्या पी१६वर विसंबणं अधिकच जोखमीचं.

गाल-हिरडीच्या कर्करोगाला स्वतःचं स्थान मिळालं ते जनुकांच्या बाजूने. आंतरराष्ट्रीय कर्करोग-जनुक प्रकल्पात भारताने हाच कर्करोग निवडला आणि २०१३ मध्ये निष्कर्ष आले. टीपी५३, कॅस्प८, फॅट१, एचरास, नॉच१ ही ओळखीची नावं होतीच, शिवाय यूएसपी९एक्स, एआरआयडी२ अशी आधी या आजारात न नोंदलेली जनुकंही पुढे आली. प्रथिनांची छाननी मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, सुरू झाल्यापासून याद्या लांबत गेल्या: एस१००ए७, १४-३-३ झीटा, एचएनआरएनपी-के, स्टॅथमिन. एखादं पेशीत कुठे बसलं आहे, केंद्रकात की बाहेर, यावरून चट्टा कर्करोगाकडे जाईल का हे सांगण्याचे प्रयत्न झाले.

लाळेतल्या प्रथिनांबद्दल सगळ्यात जास्त आशा आणि सगळ्यात जास्त घोळ. सुई नको, तुकडा काढायला नको. पण इंटरल्यूकिन-८सारखी प्रथिनं हिरड्यांच्या साध्या सुजेतही वाढतात, आणि वर्षानुवर्षं चुना-सुपारी चघळणाऱ्यांच्या हिरड्या क्वचितच धड असतात. तुलनेला निर्व्यसनी विद्यार्थ्यांची लाळ घेतली तर जे प्रथिन सापडतं ते कर्करोगाचं की नुसत्या व्यसनाचं, कळायला मार्ग नाही. तुलनेला व्यसन असलेले पण कर्करोग नसलेले लोकच हवेत. तैवानमधल्या २०१६ च्या अभ्यासाने अशा जोखमीच्या लोकांना समोर ठेवून चार प्रथिनांचा संच सुचवला.

या सगळ्यांना स्पर्धा आहे ती बॅटरीच्या उजेडाची. केरळात सुमारे १ लाख ९० हजार लोकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नुसतं तोंडात डोकावून पाहिल्याने तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांतले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले. कोणत्याही प्रथिनाच्या नावावर अजून असं काही जमा नाही.

बंदीचाही इतिहास समांतर चालला. महाराष्ट्राची २००२ ची गुटखाबंदी न्यायालयात टिकली नाही, गोव्याने २००५ मध्ये बंदी घातली, महाराष्ट्राने २०१२ मध्ये पुन्हा. त्यानंतर मसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत असं सुटं विकलं जाऊ लागलं. मिश्रण आता गिऱ्हाईकच हातावर करतं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातल्या २४.४ टक्के प्रौढांनी धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचं सांगितलं. २०२२ मध्ये जगभरात धूरविरहित तंबाखू आणि सुपारीमुळे झालेल्या तोंडाच्या कर्करोगांचा अंदाज १ लाख २० हजार होता, त्यातले ८३,४०० भारतातले.

प्रथिनं आता निदानापेक्षा उपचाराच्या खोलीत जास्त दिसतात. ईजीएफआर बहुतेक गाठींत भरपूर असतं, सेटुक्सिमॅबला २००६ मध्ये अमेरिकेत मान्यताही मिळाली, पण प्रथिन किती आहे त्यावरून औषध कुणाला लागू पडेल हे ठरत नाही. २०१९ नंतर पीडी-एल१ आलं, हे प्रथिन गाठीला प्रतिकारशक्तीपासून लपायला मदत करतं. त्याच्या गुणांकावर इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला जागं करणारं औषध, द्यायची की नाही हे ठरू लागलं. भारतातल्या बहुसंख्य रुग्णांना ते औषध परवडत नाही. मुंबईत १५१ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये छापून आलेल्या चाचणीत निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं गेलं. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅमचा असतो. सोबत तोंडाने घ्यायची तीन स्वस्त औषधं होती. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण नुसती ती तीन औषधं घेणाऱ्यांत १६.३ टक्के होतं, निव्होलुमॅबची जोड मिळालेल्यांत ४३.४ टक्के. त्या चाचणीत रुग्ण निवडताना पीडी-एल१ची अट नव्हती.