नाण्यावर साल आहे, पण कोणतं?

माझ्याकडे एक हंगेरियन डेनार, म्हणजे चांदीचं छोटं नाणं, आहे. अंगठ्याच्या नखाएवढा, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. एका बाजूला बाळाला घेतलेली मेरी आणि तिच्या दोन्ही अंगांना ‘के’ आणि ‘बी’ अशी अक्षरं. दुसऱ्या बाजूला ढाल, तिच्याभोवती राजा फर्डिनांडचं नाव, आणि नाव संपतं तिथे आकडे: १५५३. ‘के-बी’ म्हणजे क्योर्मोट्सबान्या, आजच्या स्लोव्हाकियातलं क्रेमनित्सा. हे नाणं पडलं तेव्हा अकबर गादीवर यायला तीन वर्षं अवकाश होता. एवढं जुनं आणि साल कोरलेलं असूनही ते फार महाग नसतं, कारण अशी नाणी त्या टाकसाळीनं ढिगानं पाडली. सोळाव्या शतकातली सालवार युरोपीय नाणी जमवायची असतील, तर सुरुवात इथून करावी असं मी सांगेन.

साल कोरणं आपल्याला इतकं स्वाभाविक वाटतं की युरोपात ते किती उशिरा आलं हे कळल्यावर गंमत वाटते. गुजरात, माळवा आणि महाराष्ट्राच्या काही भागांवर राज्य करणाऱ्या पश्चिमी क्षत्रपांनी दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून चांदीच्या नाण्यांवर राजाच्या डोक्यामागे शक वर्ष घातलं, तेही ब्राह्मी अंकांत. आपल्या पंचांगात आजही चालतो तोच हा शक. इस्लामी नाण्यांवर सातव्या शतकाच्या अखेरीपासून हिजरी सन नेमानं येतो. बहमनी टंके त्याच रीतीचे. युरोपात मात्र इसवी सन घातलेलं सर्वांत जुनं ज्ञात नाणं डेन्मार्कमधल्या रॉस्किल्डेचं, १२३४ सालचं. त्यानंतर थेट १३७२ मध्ये जर्मनीतल्या आखेन शहरानं हा प्रकार सुरू केला. दोन्हीकडे आकडे रोमन. आपल्या ओळखीचे अंक नाण्यावर आले ते १४२४ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालेनच्या प्लापार्टवर. हे अंक भारतातून अरबांमार्फत तिकडे गेलेले. त्या काळच्या युरोपीय अंकांतला चार म्हणजे आपला ‘४’ उलटा धरल्यासारखा, वर गाठ आणि खाली दोन पाय. सात म्हणजे नुसतं घराचं छप्पर. सवय नसेल तर पंधराव्या शतकाच्या शेवटची नाणी हमखास चुकीची वाचली जातात.

सोळाव्या शतकात अंकांची वळणं बरीच स्थिरावली, पण जागा कमी म्हणून कारागीर हात आखडता घेत. बाल्टिक किनाऱ्यावरच्या रिगा शहराच्या चिमुकल्या शिलिंगांवर शतक गाळून १५७७ चं नुसतं ‘७७’ असतं. साचा झिजला नसेल आणि वर्ष उलटलं असेल, तर जुन्या अंकावरच नवा अंक ठोकून काम भागवलं जाई. भिंगाखाली खालचा अंक डोकावताना दिसला की जमवणाऱ्याचा दिवस सार्थकी लागतो.

आता मुद्दा असा, की साल घालायचंच कशाला? फ्रान्समध्ये दुसऱ्या हेन्रीनं १५४९ मध्ये नाण्यावर साल घालण्याचा हुकूम काढला. टाकसाळ चालवणारा ठेकेदार असे आणि चांदीत तांबं वाढवून मधला पैसा खिशात घालायचा मोह त्याला कायमचा. नाण्यावर साल असलं की कोणत्या वर्षीचा माल हिणकस निघाला ते ठरवता येतं, म्हणजे मान कोणाची धरायची तेही. अर्थात राजाच भेसळ करू लागला तर साल बिचारं काय करणार!

इंग्लंडचा आठवा हेन्री नेमका तेच करत होता. तोवर तिथल्या चांदीचा टंच, म्हणजे शंभर भागांत शुद्ध चांदी किती, ९२.५ होता. १५४५ मध्ये तो ५० वर आला आणि पुढच्याच वर्षी ३३ च्या आसपास. म्हणजे ‘चांदीच्या’ नाण्यात तीनातले दोन भाग तांबं. ते लपवण्याची युक्ती रसायनशास्त्राची आहे. चांदी-तांब्याची चकती तापवली की पृष्ठभागावरच्या तांब्याचं ऑक्साइड बनतं. मग आंबट द्रावणात उकळली की ते ऑक्साइड विरघळून जातं आणि वर राहतो जवळजवळ शुद्ध चांदीचा पातळ थर. आपले सोनार दागिना उजळतात त्याच जातीची ही प्रक्रिया. नाणं नवं असताना लखलखीत दिसे. वापरात आलं की सगळ्यात उंच भाग आधी झिजे, आणि हेन्रीच्या समोरून दाखवलेल्या चेहऱ्यात सगळ्यात उंच होतं नाक. तिथे तांबं उघडं पडलं आणि लोकांनी राजाला ‘तांबड्या नाकाचा’ करून टाकलं.

या भेसळीच्या धामधुमीतच, त्याचा मुलगा सहावा एडवर्ड याच्या काळात, इंग्रजी नाण्यांवर साल आलं. आधी शिलिंगांवर रोमन अंकांत, मग १५५१ च्या मोठ्या क्राउनवर, घोडेस्वार राजाच्या खाली, चार ठसठशीत अंकांत. त्याच १५५१ मध्ये २५ टंचाचे शिलिंगही निघाले आणि चांगल्या चांदीची नाणीही. साल एकच आणि धातू दोन, म्हणजे नुसतं साल वाचून काही कळत नाही.

त्याहून मजेशीर गोष्ट पहिल्या एलिझाबेथची. १५६१ पासून तिच्या सहा पेन्सांवर साल आहे, तीन पेन्सांवर आहे, दीड पेन्सावर आणि पाऊण पेन्सावरही आहे. शिलिंगवर नाही, चार पेन्सांवर नाही, दोन पेन्सांवर नाही, पेनीवरही नाही. कारण असं, की इतक्या जवळजवळच्या आकारांची नाणी बाजारात आली तर लोक गोंधळणार. म्हणून एकाआड एक नाण्यावर राणीच्या डोक्यामागे गुलाब आणि नाण्याच्या मागच्या बाजूला साल घातलं. म्हणजे तिथे सालाचं काम होतं ‘मी कोण’ हे सांगायचं. ‘मी कधीचं’ हा वरचा फायदा. जमवणारे मात्र याच फायद्यावर जगतात. १५८८ चं सहा पेन्स, म्हणजे स्पॅनिश आरमाराच्या स्वारीचं वर्ष, म्हटलं की सगळ्यांचे हात एकदम पुढे येतात.

आणि ‘कधीचं’ हेही सरळ नाही. इंग्लंडात तेव्हा कायद्याचं नवं वर्ष २५ मार्चला लागे. त्यामुळे १५६१ असं कोरलेलं नाणं आपल्या हिशेबानं १५६२ च्या फेब्रुवारीत पडलेलं असू शकतं. १५८२ मध्ये काही कॅथलिक देशांनी ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर धरला आणि कालगणना आणखी फाटली. चैत्रात वर्ष बदलणारे आणि कार्तिकात बदलणारे शेजारी राहतात हे पाहिलेल्या आपल्याला याचं फार नवल वाटू नये.

मग विश्वास ठेवायचा कशावर? धातूवर. ‘तावून-सुलाखून’ हा शब्दच मुळी नाणं पारखण्यातून आलेला. सुलाखायची गरज आता उरलेली नाही, पाण्यात तोलायचा आर्किमिडीजचा नियम पुरतो. शुद्ध चांदीची घनता १०.५, तांब्याची सुमारे ९. पवित्र रोमन साम्राज्याच्या १५६६ च्या कायद्यानं ठरवलेला जर्मन राइशथालर, म्हणजे चांदीचं मोठं नाणं, घ्या: वजन २९.२३ ग्रॅम, टंच ८८.९. त्याची घनता १०.३ च्या जवळ येते, म्हणून दोऱ्यानं पाण्यात लोंबकळत ठेवून तोलला तर वजन सुमारे २.८४ ग्रॅमनं घटायला हवं. घट ३.२ च्या पुढे गेली तर आत जवळजवळ सगळं तांबंच आहे. हाच प्रयोग सहा पेन्सावर केला की दमछाक होते. तीन ग्रॅमचं नाणं, चांगल्या चांदीची घट ०.२९ आणि २५ टंचाची ०.३२. म्हणजे सगळा निवाडा ०.०३ ग्रॅमवर. दोन दशांश दाखवणारा तराजू एवढ्यात चोर जेमतेम पकडतो. ९२ आणि ८५ मधला फरक त्याला सांगता येत नाही. माझ्या डेनारवर तर हा प्रयोग करूच नये. क्ष-किरणांनी तपासणारं यंत्र झटपट उत्तर देतं खरं, पण ते वरचा पातळ थरच पाहतं, आणि वरचा थर आंबट पाण्यानं उजळलेला असतो हे आपण पाहिलंच. साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वीची लबाडी आजच्या यंत्रालाही चकवते!

थालर हे नाव योआखिमस्थाल या बोहेमियातल्या खोऱ्याचं. १५१६ च्या सुमारास तिथे चांदीच्या खाणी लागल्या, श्लिक घराण्यानं १५२० च्या सुमारास जाडजूड नाणी पाडली, आणि त्या नावाचा ‘डॉलर’ होऊन जगभर पसरला. चांदीबरोबर तिथे एक काळं, जड, निरुपयोगी खनिजही निघे. पुढे १८९८ मध्ये क्युरी दांपत्यानं याच खोऱ्यातल्या त्या खनिजातून रेडियम शोधून काढलं.

चांदी कुठल्या खाणीची हे सांगायला किरणोत्सर्गच कामी येतो. युरेनियम आणि थोरियम क्षय पावत पावत शिशाचे वेगवेगळे समस्थानिक, म्हणजे कमीजास्त वजनाचे अणू, बनवतात, त्यामुळे प्रत्येक खाणीच्या शिशात त्यांचं प्रमाण निराळं असतं. चांदी गाळताना थोडं शिसं उरतंच, आणि तीच खाणीची ओळख. फ्रेंच संशोधकांनी २०११ मध्ये चांदी, तांबं आणि शिसं या तिन्हींचे समस्थानिक मोजून स्पेनची जुनी नाणी तपासली. आजच्या बोलिव्हियातली पोटोसीची खाण १५४५ मध्ये लागली आणि युरोप चांदीनं भरून गेला, ही आपली शाळेतली समजूत. पण स्पेनच्या नाण्यांत पोटोसीची चांदी फार दिसली नाही; मेक्सिकोची चांदी ठळक झाली तीही अठराव्या शतकात. पोटोसीचा बराचसा माल दुसरीकडे, विशेषतः आशियाकडे, वळला असावा असा त्याचा अर्थ लावला जातो.

त्या वाटेचं एक टोक आपल्याकडचंच आहे. पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कनं १५१० मध्ये गोव्यात टाकसाळ घातली होती, आणि पोर्तुगीज जहाजांतून रिआल ही स्पॅनिश चांदीची नाणी गोव्याला येत. सुरतेलाही ती पोचत. तिथल्या मोगल टाकसाळीत ती वितळत, राजाचं नाव आणि ख्रिस्ती साल दोन्ही नाहीसं होई. खाणीची खूण मात्र धातूत राही, आणि जे रुपये बाहेर पडत त्यांच्यावर साल असे बहुधा हिजरी.