कथा एक, पटकथा दोन

मागच्या हिवाळ्यात गावातला एक पोरगा वही घेऊन आला. "भाऊ, पटकथा लिवली, वाचून सांगा." पहिलंच वाक्य: 'पाऊस लांबल्यामुळे शामराव फार चिंतेत होता.' आता चिंता कॅमेऱ्यात कशी पकडायची? पोरानं आणली होती ती कथा.

सिनेमाच्या सुरुवातीला 'कथा, पटकथा, संवाद' असं वेगवेगळं लिहून येतं, ते उगाच नाही. कथा म्हणजे काय घडलं: पाऊस लांबला, पऱ्हे म्हणजे धानाची रोपं करपली, पुन्हा धान टाकायला शामरावनं बायकोच्या गळ्यातली पोत गहाण ठेवली. ओसरीवर बसून दोन मिनिटांत सांगून होते. तेच कुठं, कोणासमोर घडतं आणि बघणाऱ्याला कधी कळतं, ही मांडणी पटकथेची. प्रत्येक प्रसंगाच्या डोक्यावर 'बांधी. बाहेर. सकाळ.' असं लिहायचं (बांधी म्हणजे धानाचं शेत), खाली दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच. ढोबळ हिशेब, एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट.

खरी मेख क्रमात आहे. आधी सोनाराचं दुकान, तराजूत पोत. मग लग्नघर. शामरावची बायको पदर गळ्याशी घट्ट धरून बसलीय आणि जाऊ नेमकी समोर येऊन टेकते. आपल्याला ठाऊक, जावेला नाही. जीव टांगणीला. आता उलटं करा. लग्नघर आधी. ही बाई पदर का सोडेना? सोनार अगदी शेवटी. पहिल्यात धाकधूक, दुसऱ्यात कोडं, कथा मात्र जशीच्या तशी. मला पहिली आवडते. कोडं एकदा सुटलं की संपलं.

'गाभ्रीचा पाऊस' (२००९) हा सिनेमा आठवा. शेजारच्या शेतकऱ्यानं आत्महत्या केल्यावर आपलाही नवरा तसंच करेल या धास्तीनं बायको त्याच्यावर नजर ठेवते. तिची धास्ती आपल्याला माहीत, म्हणून तो नुसता घराबाहेर पडला तरी आपण सावरून बसतो.

पोराचाही दोष नाही. पूर्व विदर्भातल्या वडशाच्या नाटक कंपन्यांची झाडीपट्टी नाटकं रात्र-रात्र जागून पाहिलेली. तिथं मंडपातल्या शेवटच्या माणसापर्यंत दुःख पोचवायचं तर ते बोलावं लागतं, गावं लागतं. कॅमेरा हातभर अंतरावर असतो.

आठ दिवसांनी वही परत आली. 'शामराव वाकून एक पऱ्हा उपटतो. मुळाची माती भुरभुर गळते. तो पऱ्हा परत तिथंच खोचतो.'

"भाऊ, याच्यात तो बोलतच नाही. चालते का?"

"चालते."