बारमाही झरा (कोकण–गोवा)

जमिनीत मुरलेले पाणी उतारावर जिथे आपोआप बाहेर येते, तो झरा. दिवाळीनंतर महिना-दोन महिन्यांत आटतो तो पावसाळी. ऐन मे महिन्यातही ज्याची धार तुटत नाही तो बारमाही. झरा बारमाही आहे का, हे म्हणूनच उन्हाळ्यात पाहावे. पावसाळ्यात सगळेच उतार पाझरतात.

कोकण-गोव्यातल्या बऱ्याच झऱ्यांचे मूळ जांभ्याच्या (तांबड्या दगडाच्या) सड्यात, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळात असते. जांभा सच्छिद्र, सड्यावर पडलेला पाऊस त्यातून खाली मुरतो. खाली चिकणमातीचा किंवा भेगा नसलेल्या कातळाचा थर लागला की पाणी आडवे सरकते आणि थराचा काठ उतारावर उघडा पडतो तिथे बाहेर येते. एकाच डोंगराचे झरे साधारण एका उंचीवर ओळीने दिसतात ते यामुळे. झऱ्याचा खरा साठा असा वर सड्यात असतो. तिथे जांभ्याचे चिरे काढणारी खाण पडली, माथा सपाट करून रस्ते झाले किंवा बोअरवेलने खालचा थर भेदला, तर झऱ्याला हात न लावताही तो क्षीण होतो.

धार मोजायला बादली आणि घड्याळ पुरते: 10 लिटरची बादली 25 सेकंदांत भरली तर प्रवाह मिनिटाला 24 लिटर. तीनदा मोजून सरासरी घ्यावी आणि दर महिन्याला त्याच जागी मोजावे. मोठ्या सरीनंतर लगेच पाणी गढूळ होत असेल, तर वरचे पाणी थेट मिसळते आहे.

पाहायला जाताना सकाळी लवकर, प्रवाहाच्या खालच्या अंगाने जावे आणि मुखापासून दहा-पंधरा मीटर अलीकडे थांबावे. वीसेक मिनिटे हालचाल केली नाही की शीळकरी कस्तूर कातळावर उतरतो, खेकडे बिळाबाहेर येतात आणि चतुर आणि टाचण्या (चतुरांसारखे बारीक अंगाचे कीटक) आपापल्या काडीवर परततात. ओल्या कातळाच्या फटीत हंसराज नेचा आणि शेवाळ, कडेला रानअळू, थोडे दूर उंबर, जांभूळ, केवडा. पाण्यातला एखादा दगड उलटून पाहावा: खाली बारीक खडे चिकटवून केलेल्या नळ्यांत कीटकांच्या अळ्या राहतात. दगड तसाच परत ठेवायचा, कारण उन्हात पडलेली बाजू तासाभरात सुकते. मुखाच्या चिखलात पाय घालू नये. पावसाळ्यात फांद्या न पाहता धरू नयेत, हिरवा चापडा हा विषारी साप पानांत ओळखू येत नाही. पायाला जखम असल्यास साचलेल्या पाण्यात उतरू नये. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. पाणी कितीही नितळ असले तरी उकळूनच प्यावे.

झऱ्यांवर पोसलेली अत्यंत दुर्मिळ वनस्पतिसंपदा म्हणजे रानजायफळाच्या दलदली. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात बांबर येथील निरंकाराची राई (देवराई) आणि सिंधुदुर्गच्या दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथील राई ही त्यांची उदाहरणे. सतत पाण्यात बुडलेल्या चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ही झाडे खोडातून आधारमुळे सोडतात आणि काही मुळे गुडघ्यासारखी वाकून चिखलाबाहेर डोकावतात. त्यांवर पाय पडला की झाडाची श्वासाची वाटच तुटते. बी सुकले की रुजत नाही. त्यामुळे जत्रेला वाट हवी म्हणून किंवा कुळागराला (सुपारी-नारळाच्या बागेला) पाणी हवे म्हणून चर खणून राई कोरडी केली, तर जुनी झाडे काही काळ उभी राहतात, नवी रोपे मात्र येत नाहीत. अशा राया आजवर टिकल्या त्यात देवाच्या भीतीचा वाटा मोठा आहे. तिथे चप्पल काढायला सांगितले तर काढावी आणि गावाला विचारूनच आत जावे.

झऱ्याचे सर्वाधिक नुकसान सुधारणेच्या नावाखाली होते. मुखावरच सिमेंटची टाकी बांधली की आतल्या पाण्याची पातळी चढते, उलटा दाब येतो आणि पाणी दुसरी फट शोधते. मग टाकी कोरडी आणि झरा वीस पावले बाजूला. जास्त पाण्याच्या आशेने मुख खोल खणले तर तळाचा चिकणमातीचा थर फुटून पाणी खालीच जिरते. मुख मोकळे ठेवून पाणी पन्हळीने किंवा पाइपने खाली न्यावे, टाकी तिथे बांधावी आणि तिचे वाहते पाणी पुन्हा व्हाळात (ओढ्यात) सोडावे. कपडे-भांडी टाकीच्याही खाली धुवावीत: साबणाने पाण्याचा पृष्ठताण मोडतो आणि पाण्यावर चालणारे किडे बुडतात. डासांसाठी गप्पी मासे झऱ्यात सोडू नयेत. वाहत्या पाण्यात डास फारसे होत नाहीत, आणि गप्पी बेडकांची अंडी व लहान बेडूकमासे खातात.