२५ मीटरवरची नंबरप्लेट आणि रात्रीचा ट्रक

ट्रक, टँकर, बस यांचं लायसन काढताना आणि पुढे दर वेळी रिन्यू करताना फॉर्म १-ए लागतो. हा फॉर्म डॉक्टर भरतो. साधी कार चालवणाऱ्याला तो चाळिशीनंतर लागतो. ट्रकचालकाला मात्र अगदी विसाव्या वर्षीही लागतो. त्यात डोळ्यांविषयी चार प्रश्न आहेत. नजरेत दोष आहे का, आणि असल्यास चष्म्याने तो दूर झाला आहे का? तीव्र रंगांधळेपणा आहे का? चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट ओळखता येते का? रातांधळेपणा आहे का? शेवटी डॉक्टर सहीनिशी लिहून देतो की, अर्जदाराची दूरची नजर आपण खास लक्ष देऊन तपासली आहे.

चारही प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण पुरेसे नाहीत. त्यांतून मुख्यतः भर उजेडात, स्थिर उभ्या माणसाला समोरचं किती दिसतं ते कळतं. नागपूरहून निघणारा ट्रक मात्र बहुतेक वेळा रात्री धावतो. वाडीच्या ट्रान्सपोर्ट भागातून संध्याकाळी माल भरून निघालेली गाडी मनसर-देवलापारच्या जंगलपट्ट्यात पोचते तेव्हा रस्ता काळोखात असतो आणि समोरून अप्पर मारत गाड्या येत असतात. तिथे वेगळ्याच क्षमतेचा कस लागतो.

आधी त्या २५ मीटरचं गणित पाहू. आपल्याकडे चारचाकी आणि त्याहून मोठ्या वाहनांच्या नंबरप्लेटवरचं अक्षर ६५ मिलिमीटर उंच आणि त्याची रेघ १० मिलिमीटर जाड असते. डोळ्यांच्या दवाखान्यात भिंतीवर असतो तो तक्ता डच नेत्रवैद्य हर्मन स्नेलेन यांनी १८६२ साली आणला. त्याचं तत्त्व सोपं आहे. निरोगी डोळ्याला अक्षर ओळखण्यासाठी ते डोळ्याशी निदान पाच मिनिटांचा कोन करणारं हवं; मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. सहा मीटरवर हा कोन करणारं अक्षर ८.७ मिलिमीटर उंच असतं, आणि तीच ६/६ ची ओळ. नजर ६/१२ म्हणजे निरोगी डोळा बारा मीटरवरून वाचतो ते सहा मीटरवरून वाचता येणं. ६/९ च्या ओळीतलं अक्षर १३ मिलिमीटर, ६/१२ च्या ओळीतलं साडेसतरा. २५ मीटरवरच्या ६५ मिलिमीटरच्या अक्षराची सहा मीटरवर बरोबरी करायची तर ते साडेपंधरा मिलिमीटर उंच हवं. म्हणजे नंबरप्लेटची परीक्षा ६/९ आणि ६/१२ यांच्या मधोमध येते. ती पास झाली म्हणून नजर ६/६ आहे असं होत नाही.

हा फरक रस्त्यावर कुठे जाणवतो? बोर्डावर २० सेंटिमीटर उंचीचं अक्षर असेल तर ६/६ वाला ते सुमारे १३७ मीटरवरून वाचतो आणि ६/१२ वाला ६९ मीटरवरून. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. पहिल्याच्या हातात सहा सेकंद असतात, दुसऱ्याच्या हातात तीन. भरलेला ट्रक ८० च्या वेगात असताना धोका ओळखून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरलं तरी ३३ मीटर जातात. पुढे ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावरही आणखी ५०-६० मीटर हवेत. टायर घासलेले असतील किंवा रस्ता ओला असेल तर त्याहून जास्त.

तक्त्याची तपासणी दिसायला सोपी, पण ती बिघडते फार सहज. जागा नाही म्हणून तक्ता सहाऐवजी चार मीटरवर टांगला की ६/१८ नजरेचा माणूसही ६/१२ ची ओळ वाचून दाखवतो. खोली लहान असेल तर आरसा लावून उलट्या अक्षरांचा तक्ता वापरावा, किंवा तीन मीटरसाठीच बनवलेला. रांगेत उभं राहून पुढच्याचं ऐकलं की ओळ पाठ होते, म्हणून दोन तक्ते हवेत. अक्षरओळख नसेल तर वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेल्या ‘ई’चा तक्ता वापरतात, बोटांनी दिशा दाखवायची. डोळा तळहाताने झाकला तर बोटांच्या फटीतून दिसतं, आणि हात दाबून धरला तर त्या डोळ्याला पुढची दोन-तीन मिनिटं धूसर दिसतं, मग त्याची तपासणी चुकते. काळं झाकण वापरणं बरं. डोळे बारीक करून वाचणाऱ्याला लगेच थांबवायला हवं, कारण पापण्यांची फट अरुंद झाली की नंबरचा दोष तात्पुरता झाकला जातो.

याच गुणाचा उपयोग करून डॉक्टर एक साधी परीक्षा घेतात. काळ्या चकतीत साधारण सव्वा मिलिमीटरचं भोक असतं, त्यातून तक्ता वाचायला सांगतात. भोकातून दोन ओळी जास्त वाचता आल्या तर बहुधा दोष नंबरचा, आणि चष्म्याने काम होईल. काहीच फरक पडला नाही, किंवा उलट कमी दिसलं, तर मोतीबिंदू, डोळ्याच्या पडद्याचा आजार असं काही शोधायला हवं. मिनिटभराच्या या परीक्षेने चष्म्याच्या दुकानात जायचं की नेत्रतज्ज्ञाकडे, हे कळतं. फॉर्मवर सही करण्याआधी ती केलीच पाहिजे असं आमचं ठाम मत आहे.

आता रात्रीकडे येऊ. डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी उजेडात काम करतात, त्यांनी बारकावे आणि रंग दिसतात. दंडपेशी अंधुक प्रकाशात काम करतात. तेज उजेडातून अंधारात आल्यावर शंकूपेशी पाच-दहा मिनिटांत सावरतात. दंडपेशींना पुरतं तयार व्हायला अर्धा तास लागतो, कारण त्यांतलं ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य उजेडात मोडून जातं आणि पुन्हा हळूहळू तयार होतं. त्यासाठी अ जीवनसत्त्व लागतं, म्हणून त्याच्या कमतरतेने रातांधळेपणा येतो. ढाब्यावरच्या पांढऱ्या झगझगीत दिव्यांखाली जेवून, मोबाईल पाहत कॅबिनमध्ये चढून लगेच अंधाऱ्या रस्त्यावर गाडी काढली, तर पहिले काही किलोमीटर डोळे अर्धवट तयारीचे असतात. निघण्याआधी कॅबिनचा दिवा बंद करून, मोबाईल खाली ठेवून पाच-दहा मिनिटं बसावं. ही सवय फुकटची आहे.

अंधारात बाहुली मोठी होते, आणि मग लहानसा नंबरही त्रास देतो. वजा पाऊणचा नंबर दिवसा बाहुली बारीक असल्याने भागून जातो. रात्री मात्र समोरच्या ट्रकच्या मागच्या लाल दिव्याचा फुगलेला गोळा होतो आणि अंतराचा अंदाज चुकतो. ‘एवढ्याशा नंबरला कशाला चष्मा’ हे दुकानात बसणाऱ्याला चालेल, रात्रीच्या ट्रकवाल्याला नाही.

समोरच्या हेडलाइटने डोळे दिपतात त्याचं कारण वेगळं. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळट आणि गढूळ होत जातं, त्यात शिरलेला प्रकाश विखुरतो आणि सगळ्या दृश्यावर पांढरा पडदा पसरतो. त्यात बाहुलीही आकसत जाते. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या तरुणाच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. डिप्पर न देणारी गाडी गेल्यावर नजर सावरायला पाच सेकंद लागले तर तेवढ्यात ट्रक ११० मीटर पुढे गेलेला असतो. समोरच्या दिव्यांकडे न बघता डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवावी. विंडस्क्रीन आतूनही पुसावी. डॅशबोर्डचं प्लास्टिक उन्हात तापून काचेवर तेलकट थर बसतो, तो दिवसा दिसत नाही आणि रात्री प्रत्येक दिव्याभोवती वलय करतो. घासलेल्या वायपरने काचेवर उमटलेले अर्धगोल ओरखडेही तेच करतात.

मोतीबिंदूचा एक प्रकार या बाबतीत फसवा आहे. भिंगाच्या मागच्या पृष्ठभागावर, अगदी मधोमध, लहानसा डाग येतो. मधुमेहात आणि स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा थेंब दीर्घकाळ घेणाऱ्यांत तो तुलनेने लवकर होतो. अंधाऱ्या खोलीतल्या तक्त्यावर असा माणूस ६/९ वाचतो, कारण मोठ्या बाहुलीच्या कडेने प्रकाश आत जातो. मे महिन्याच्या नागपुरी उन्हात किंवा समोरच्या हेडलाइटपुढे बाहुली आकसते, प्रकाश नेमका त्या डागातून जातो आणि समोरचं पुसट होतं. म्हणून ‘खोलीत बरं दिसतं, उन्हात दिसत नाही’ ही तक्रार चालकाने आवर्जून सांगावी. टॉर्च डोळ्यावर तिरपा धरून पुन्हा तक्ता वाचायला लावला तरी ती पकडता येते.

बाजूच्या नजरेचा तर फॉर्म १-ए मध्ये वेगळा प्रश्नच नाही. अमेरिकेत ट्रकचालकाला सहसा चष्म्यासह किंवा चष्म्याविना प्रत्येक डोळ्याने ६/१२ दिसावं लागतं आणि प्रत्येक डोळ्याची आडवी नजर निदान ७० अंश हवी. ब्रिटनमध्ये लॉरीसाठी चांगल्या डोळ्याला ६/७.५ आणि दुसऱ्याला निदान ६/६० हवं, शिवाय दोन्ही डोळ्यांची मिळून आडवी नजर १६० अंश. आपल्याकडेही हा आकडा यायला हवा. काचबिंदूत बहुतेकदा दुखत नाही, तक्त्यावर ६/६ राहतं, आणि कडेकडेची नजर वर्षानुवर्षं गळत जाते. कळमना किंवा पारडीच्या गर्दीत ट्रक डावीकडे वळवताना जी दुचाकी आधी नजरेच्या कोपऱ्यात दिसायची, ती ‘अचानक आली’ असं वाटायला लागतं. ढोबळ तपासणी अशी: डॉक्टर हातभर अंतरावर समोर बसतो, दोघंही एकेक डोळा झाकतात, चालकाने डॉक्टरच्या उघड्या डोळ्याकडेच पाहायचं आणि बाजूने आत येणारी बोटं कधी दिसली ते सांगायचं. शंका आली तर यंत्रावर फील्ड टेस्ट करावी. घरात कोणाला काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब आणि मागची नस तपासून घ्यावीच.

रंगांच्या बाबतीत जून २०२० मध्ये नियम सैल झाला. सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना आता लायसन मिळू शकतं. तीव्र असेल तर नाही. ठिपक्यांत आकडे लपवलेली इशिहाराची पानं १९१७ पासून वापरात आहेत. ती दिवसाच्या उजेडात, ७५ सेंटिमीटरवर धरून, एका पानाला तीन सेकंदांच्या आत वाचायची असतात. पिवळ्या बल्बखाली दाखवली तर निकाल चुकतो. या पानांनी दोष आहे हे कळतं, किती आहे ते नीट कळत नाही. त्यासाठी रंगीत टिकल्या क्रमाने लावायची फार्न्सवर्थची चाचणी करतात. सिग्नलवर लाल दिवा वर असतो हे माहीत असल्याने बरेच जण निभावतात. पण काहींना लाल रंग मुळातच मंद दिसतो, आणि त्यांना पुढच्या गाडीचा धूळ बसलेला ब्रेक लाइट उशिरा जाणवतो. अशांनी अंतर जास्त ठेवणं, विशेषतः रात्री, हाच उपाय.

चष्म्याबद्दल थोडं. चाळिशी लागली की चालक दुकानातून जवळचा तयार चष्मा घेतो, पावती वाचायला लावतो आणि तसाच गाडी चालवतो. अधिक दीडच्या चष्म्यातून ६७ सेंटिमीटरच्या पलीकडचं सगळं धूसर होतं. वाचायचा चष्मा स्टिअरिंगवर नाहीच. बायफोकल घेतला तर कॅबिनमधून उतरताना पायरी खालच्या भिंगातून सरकलेली दिसते. मान खाली घालून उतरायची सवय करावी लागते. उन्हात आपोआप काळा होणारा चष्मा कॅबिनमध्ये फारसा काळा होत नाही, कारण विंडस्क्रीनच अतिनील किरण अडवते. रात्रीसाठी म्हणून विकले जाणारे पिवळे चष्मे येणारा प्रकाश कमी करतात, नजर वाढवत नाहीत. ते घेऊ नयेत. एसीचा झोत थेट तोंडावर ठेवू नये. समृद्धीसारख्या लांब सरळ रस्त्यावर पापण्या आधीच कमी मिटतात, त्यात झोताने डोळे कोरडे पडून धूसर दिसतं.

व्यावसायिक लायसनची मुदत मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांची झाली, धोकादायक माल नेणाऱ्यांसाठी तीन. त्याच कायद्याने तिशीच्या आत काढलेलं साधं लायसन थेट चाळिसाव्या वर्षापर्यंत चालतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की साध्या हलक्या वाहनाच्या लायसनवर साडेसात हजार किलोंपर्यंतचं मालवाहू वाहनही चालवता येतं. त्यामुळे छोटा टेम्पो रोज चालवणारा विशीतला मुलगा केवळ स्वतःच्या घोषणापत्रावर चाळिशीपर्यंत कोणत्याही डॉक्टरला डोळे न दाखवता जाऊ शकतो. मालकांनीच अशा मुलांची दर दोन वर्षांनी तपासणी करून घ्यावी.

एक डोळा गेला तर अर्जाच्या घोषणापत्रात सवलत आहे, पण अरुंद: निदान पाच वर्षं लायसन बाळगल्यानंतर नजर गेली असेल आणि स्टिअरिंगच्या बाजूला आरसा असलेलं हलकं खाजगी वाहन चालवायचं असेल तरच. ट्रकसाठी नाही.

मधुमेह असेल तर पाच वर्षं थांबणं परवडत नाही. पडद्याची तपासणी दर वर्षी हवी. साखर वर-खाली होत असताना चष्म्याचा नंबर काढू नये. साखर वाढली की भिंगातलं पाण्याचं प्रमाण बदलतं आणि नंबर सरकतो, म्हणून साखर काही आठवडे स्थिर राहिल्यावरच नंबर काढावा. पडदा पाहण्यासाठी डोळ्यांत थेंब टाकतात, त्यानंतर चार-सहा तास बाहुली मोठी राहते, ऊन सहन होत नाही, जवळचं वाचता येत नाही. मेडिकलला किंवा मेयोला, म्हणजे नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत, जायचं ते ट्रिप नसलेल्या दिवशी, जुना चष्मा आणि साखरेचे शेवटचे रिपोर्ट सोबत घेऊन, आणि येताना गाडी चालवायला दुसरं कोणी बरोबर घेऊन.