रुग्णालयातील हिंसा : जोखीम-मूल्यमापन व प्रतिबंध

रुग्णालयात काम करणाऱ्यांना होणारी शिवीगाळ, धमक्या, धक्काबुक्की व मारहाण यांचा संभव आधीच ओळखून तो कमी करण्याची पद्धत.

मूल्यमापनाची सुरुवात हल्लेखोर कोण, या प्रश्नापासून होते. कॅलिफोर्नियाच्या कामगार-सुरक्षा यंत्रणेने साधारणतः १९९३–९५ च्या सुमारास तीन प्रकार मांडले : चोरी-लुटीसाठी आलेला परका, सेवा घेणारा (रुग्णालयात रुग्ण वा त्याच्यासोबतचे नातेवाईक), आणि संस्थेशी वा कर्मचाऱ्याशी संबंध असलेला. आयोवा विद्यापीठाच्या २००१ च्या अहवालात कर्मचाऱ्याचा जोडीदार वा नातलग हा चौथा प्रकार वेगळा काढला आहे. मूळ मांडणीत तो तिसऱ्यातच येत असल्याने चौथा प्रकार हा नवा शोध न मानता पोटविभाग मानणे अधिक योग्य वाटते. आपल्याकडील मुख्य अडचण दुसऱ्या प्रकारात आहे. रुग्ण अतिदक्षता विभागात बेशुद्ध असतो आणि हात उगारतात ते बाहेर ताटकळलेले नातेवाईक.

नॉर्वेत मनोरुग्णालयांसाठी तयार झालेल्या ब्रोसेट सूचीत गोंधळलेपणा, चिडचिड, आरडाओरडा, तोंडी धमकी, अंगावर धावून जाणे व वस्तूंवर राग काढणे अशी सहा लक्षणे पाहतात. प्रत्येकास एक गुण. दोनपेक्षा जास्त झाले, तर पुढील २४ तासांत हिंसेचा धोका मोठा समजतात. ही सूची दाखल रुग्णापुरती आहे. जमावाला ती लावता येत नाही. तिथे माणसापेक्षा जागा आणि वेळ तपासावी लागते : कॅज्युअल्टी, बिलाची खिडकी, रात्रपाळी, मृत्यूची बातमी सांगण्याचा क्षण. ही बातमी एकट्या निवासी डॉक्टरने व्हरांड्यात उभ्या-उभ्या न देता वरिष्ठांनी, नातेवाइकांना बसवून द्यावी. त्या खोलीला दुसरे दार असावे. भेटीचे पास मोजकेच द्यावेत. हे उपाय जास्त रक्षक नेमण्याइतकेच महत्त्वाचे आहेत.

महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याने वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसा दखलपात्र व अजामीनपात्र ठरवली; तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आणि मालमत्तेच्या नुकसानीची दुप्पट भरपाई अशी त्यात तरतूद आहे. तरीही मार्च २०१७ मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरवर झालेल्या हल्ल्यानंतर राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. कोलकात्यातील रुग्णालयात प्रशिक्षणार्थी डॉक्टरवर झालेल्या बलात्कार व खुनाच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले.

परिचारिका, वॉर्डमधील मामा-मावश्या व सुरक्षारक्षक यांना मिळणाऱ्या धमक्या बहुधा तोंडी तक्रारीवरच थांबतात. नोंदवहीत न आलेली धमकी पुढच्या मूल्यमापनात धरली जात नाही.